डब्यातलं मेण

ऑफिसात लोक मला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे मेणबाई. मला दोन्ही ऐकू येतं. स्वभावानं मी मेणासारखी मऊ आहे असा आरोप आजवर कुणी केलेला नाही, तेव्हा ते नाव कामावरूनच पडलेलं आहे.

माझं काम म्हणजे पाइपलाइनच्या आत किती मेण साचलंय ते न बघता सांगणं. कच्च्या तेलात मेण असतं. जमिनीतून तेल गरम निघतं तेव्हा ते त्यात गुपचूप विरघळलेलं असतं. पुढे गार पाइपातून लांबचा प्रवास सुरू झाला की तेल थंडावतं आणि मेण पाइपच्या भिंतीला चिकटायला लागतं. आधी सायीसारखं पातळ, मग जाड, मग असं घट्ट की नखानं निघत नाही. दुर्लक्ष केलं तर एक दिवस पाइपच बुजतो. पाइप कापून आत डोकावता येत नाही, म्हणून तेलाचं तापमान, वेग, दाब आणि त्यात मेण किती आहे, हे सगळं मॉडेलला खाऊ घालायचं आणि त्याच्याकडून आकडा वदवून घ्यायचा. त्या आकड्यावरून ठरतं की डुक्कर कधी सोडायचं.

डुक्कर म्हणजे पाइपच्या आतून सरकत जाणारं खरवडायचं अवजार. साहेबलोक त्याला पिग म्हणतात. आमच्या माणसांनी त्याचं सरळ डुक्कर करून टाकलं. मागून तेलाचा दाब असतो आणि ते भिंती खरवडत, मेण पुढे ढकलत दुसऱ्या टोकाच्या स्टेशनवर पोचतं. तिथे त्याला पकडायला एक जाड नळकांडं बसवलेलं असतं, त्याला सापळा म्हणतात. सापळ्याला एक लोखंडी दार. आतला दाब सोडून द्यायचा, तेल निथळू द्यायचं, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आला की दार उघडायचं आणि डुक्कर बाहेर काढायचं. आत दाब असताना दार उघडलं तर डुक्कर तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. समोर कोण उभं आहे हे ते बघत नाही.

आमच्या लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर ते दार माझा धाकटा दीर उघडतो.

मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी शाळेत होते आणि गणितात नापास व्हायचा त्यांनी चंगच बांधलेला होता. माझा नवरा तेव्हाही बोटीवर असायचा, आताही असतो. घरात सासूबाई, मी आणि हे दिवटे. मी त्यांना समोर बसवून, कान पिरगाळून गणित शिकवलं. पास झाले तेव्हा त्यांनी घरभर दवंडी पिटली की वहिनींचं गणित कधी चुकत नाही. सासूबाईंनीही ते प्रमाण मानलं. मीही कधी खोडून काढलं नाही. स्तुती कुणाला कडू लागते?

त्या दिवशी सकाळी भाऊजी बूट चढवता चढवता म्हणाले, “काय वहिनी, आज डुक्कर किती मेण आणणार? बादल्या किती ठेवू?”

“चार-पाच पुरतील. तुमच्या डोक्यात आहे त्यापेक्षा कमीच आहे.”

“मग आज लवकर घरी,” असं म्हणत ते हसत गेले.

चार-पाच बादल्या ही काही थट्टा नव्हती, मॉडेलचाच आकडा होता. गेले कित्येक महिने प्रयोगशाळेतून येणाऱ्या नमुन्यांत मेण कमीच निघत होतं. साहेब खूश होते. तेल सुधारलंय म्हणायचे, जणू तेलाला शाळेत घातलं होतं. मेण कमी, म्हणून डुक्कर सोडणं एकदा पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. पाइपातला दाब हळूहळू चढत होता, पण तो आम्ही सगळ्यांनी मिळून पाइपच्या म्हातारपणाच्या खात्यावर टाकला. जुना पाइप, आतून खडबडीत झाला असेल. मॉडेलमध्ये खडबडीतपणा थोडा वाढवला की हिशेब जुळायचा. आणि हिशेब जुळला की आमच्या धंद्यातला माणूस पुढे प्रश्न विचारत नाही. मेण कमी असणार म्हणून स्टेशनला पाठवलेल्या माझ्या कागदावर एक ओळही होती: गरम तेलाची गाडी लागणार नाही. मेण जास्त येणार असेल तर दार उघडण्याआधी सापळ्यात गरम तेल फिरवून सगळं वितळवून घेतात. त्याला वेळ लागतो, माणसं लागतात. कमी मेणासाठी एवढा व्याप कोण करतो?

दुपारी जेवण करून मी टेबलाशी आले, तर टायपिस्ट आक्का तणतणत समोर उभ्या. आक्कांना झाडांचा नाद आहे. चहाचा कप फुटला तरी त्यात रोप लावतात. त्यांनी प्रयोगशाळेतून तेलाच्या नमुन्याचा एक रिकामा डबा मागून घेतला होता आणि त्याचं वरचं पत्र्याचं झाकण कापून काढलं होतं. दोन्ही हात काळपट चिकट झाले होते.

“तुमच्या त्या डॉक्टरांना सांगा,” त्या मला म्हणाल्या, “रिकामा म्हणून दिला आणि आत हे! धुऊन द्यायची लाज वाटते का? माझी नवी साडी बरबटली.”

डॉक्टर म्हणजे आमचे केमिस्ट. इतका टापटीप माणूस की पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवतो, म्हणून ते नाव. ते डॉक्टर अस्वच्छ डबा देतील हे मला पटेना. मी हसतच डबा हातात घेतला.

आणि हसू जागच्या जागी थिजलं.

डब्याच्या आतल्या भिंतीला सगळीकडून मेण होतं. बोटभर जाड, तपकिरी, घट्ट. तळाशी तर त्याहून जास्त. मधे जेमतेम एक पोकळी उरलेली. मी बोट घातलं, ते रुतलं आणि तसंच राहिलं. माझ्या मॉडेलमध्ये जे पाइपच्या भिंतीवर व्हायला हवं होतं ते डब्याच्या भिंतीवर झालं होतं. तेल डब्यात भरलं, वाटेत गार झालं, मेण डब्याला चिकटलं आणि बिनमेणाचं तेल तेवढं ओतून डॉक्टरांनी मोजलं. शितावरून भाताची परीक्षा करायला निघालो आणि शीतच भांड्याला चिकटून राहिलं.

मी डबा घेऊन प्रयोगशाळेत धावले. आक्का माझ्या मागे.

“डॉक्टर, नमुना ओतण्याआधी डबा गरम करता ना?”

“म्हणजे काय, करायचाच असतो. अख्खा डबा गरम करून, हलवून...”

“असतो नाही. करता का?”

त्यांनी डब्यात पाहिलं. त्या माणसाचा चेहरा माझ्यासमोर पांढराफटक पडत गेला.

“बाटल्या होत्या तेव्हा करायचो,” ते हळू आवाजात म्हणाले. “काचेतून मेण दिसायचं ना. मग सुरक्षेवाल्यांनी काच बंद केली, हे डबे दिले. त्यातून तेल इतकं सुरेख ओतलं जायचं, मॅडम, मला वाटलं की... गरम कशाला करायचं?”

“आपण दोघं आयुष्यभर काय करतोय हो? गार भिंतीला मेण चिकटतं, एवढंच शिकवतोय ना जगाला?”

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. माझ्यावरही ओरडायचं होतं. पण तेवढ्यात डोक्यात लख्ख पेटलं की डुक्कर सकाळीच सुटलेलं आहे. चार-पाच बादल्या नव्हे. पाइपच्या भिंतीवरचं सगळं मेण पुढे रेटत ते आता स्टेशनला पोचत असेल. गरम तेलाची गाडी मी नको म्हणून लिहिली आहे. आणि दाराशी भाऊजी आहेत.

स्टेशनच्या फाटकावर मोबाइल काढून ठेवावे लागतात, त्यामुळे त्यांना थेट फोन करण्यात अर्थ नव्हता. मी कंट्रोल रूमचा नंबर फिरवला. लागला तो एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. माझी बोटं मेणानं बरबटली होती, बटणांवरून घसरत होती. आक्का माझ्या पाठीवर हात ठेवून नुसत्याच “काय झालं, काय झालं” म्हणत होत्या. त्यांना काय सांगू?

शेवटी फोन लागला.

“कंट्रोल रूम,” पलीकडून निवांत आवाज आला. तिथले काका निवृत्तीला टेकलेले आहेत आणि त्यांना कशाचीच घाई नसते.

“काका, मुख्य ऑफिसातून मेणाच्या मॉडेलवाली बोलतेय. सापळ्याचं दार उघडू नका!”

“हां, मॅडम, नमस्कार. डुक्कर आलं की मघाशीच, झकास आलं. दाब सोडून झाला, तेल निथळलं, काटा शून्यावर आहे. आता दारच उघडतायत.”

“उघडू नका म्हणते ना! काटा खोटा आहे. मेण भरपूर आलंय, आमचा आकडा चुकलाय. गेजच्या आणि दाब सोडायच्या, दोन्ही नळ्यांची तोंडं मेणानं बुजली असणार. आत दाब आहे, काका!”

“असं कसं? शून्य मी स्वतः बघितलंय.”

“तुमच्या बघण्याला काय जाळायचंय? माणूस मरेल तिथे!”

“रागावू नका मॅडम. चालू काम थांबवायचं तर साहेबांचा हुकूम लागतो. साहेबांना फोन द्या.”

साहेब कुठल्या तरी मीटिंगमध्ये होते. त्यांना शोधून, समजावून, फोनपर्यंत आणेपर्यंत सगळं आटोपलं असतं.

“साहेबांचाच हुकूम आहे,” मी बेधडक ठोकून दिलं. “ते इथे शेजारी उभे आहेत आणि तुमच्यावर भडकलेत.”

शेजारी आक्का उभ्या होत्या. त्यांनी घाबरून मान डोलावली, जणू काकांना ते दिसणार होतं.

“बरं, बरं. वॉकी-टॉकीवर सांगतो, थांबा.”

फोन कानाला धरून मी ऐकत राहिले. काकांनी वॉकी-टॉकीवर हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नुसती खरखर. मी टेबलाची कड धरली. तिसऱ्या हाकेला कुणीतरी “बोला” म्हणालं. तो आवाज भाऊजींचा होता आणि ते धापा टाकत होते. धापा का टाकतायत, हे तेव्हा मला सुचलंसुद्धा नाही.

“दार उघडायचं नाही. दारासमोरून बाजूला व्हायचं. आत दाब आहे,” काका म्हणाले.

आमच्याकडे नियम आहे की वॉकी-टॉकीवर जे ऐकलं ते आधी परत म्हणून दाखवायचं. भाऊजींनी म्हणून दाखवलं. “दार उघडायचं नाही. बाजूला व्हायचं. आत दाब आहे.” मग विचारलं, “काका, काटा तर शून्यावर आहे. कोण म्हणतं दाब आहे?”

“साहेब म्हणतात.”

“साहेबांना काय कळतंय दाबातलं!”

“अरे, मॅडमचा फोन आहे. त्या ओरडतायत.”

“वहिनींचा? मग झालो बाजूला.”

मी खाली बसले. खुर्चीवर नाही, जमिनीवर. जीव भांड्यात पडला असं म्हणायला हवं, पण तसं काही झालं नाही. उलट आता कुठे सगळं अंगावर यायला लागलं. डॉक्टर त्या कापलेल्या डब्याकडे बघत उभे होते. आक्का मला पाणी पाजत होत्या आणि त्यांच्या हाताचं मेण पेल्याला लागत होतं.

गरम तेलाची गाडी बोलावली गेली. ती पोचली, सगळ्यांना लांब उभं करून गेजच्या नळीला बाहेरून ऊब दिली गेली, तेव्हा काकांनी स्वतः मला फोन केला. त्यांचा तो निवांत आवाज कुठल्या कुठे गेला होता.

“मॅडम, काटा... शून्यावरून उडी मारून वर गेला हो. जवळजवळ लाइनच्याच दाबाला टेकला. मी एवढी वर्षं तिथे बसतोय...”

मला उलटी झाली. तिथेच, प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये. मला सगळं माहीत होतं, कारण, परिणाम, सगळं. तरी तो काटा वर गेला हे ऐकून मला असा धक्का बसला, जसं काही ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. आकडे माझ्या रोजच्या ओळखीचे. पण त्या आकड्याच्या समोर उभं राहून कुणीतरी दाराला हात लावतं, हे मला ठाऊक असूनही कधी खरं वाटलं नव्हतं.

साहेब मीटिंगमधून आले. काय झालं ते ऐकून आधी त्यांनी घाम पुसला आणि मग माझं अभिनंदन केलं. “तुम्ही माणसाचा जीव वाचवलात,” असं चार लोकांसमोर म्हणाले. टाळ्यासुद्धा वाजल्या. मी म्हटलं, “साहेब, टाळ्या कसल्या वाजवताय? आपणच मारत होतो त्याला.” ते म्हणाले की मी दमले आहे, घरी जावं.

घरी भाऊजी माझ्या आधी पोचले होते. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून सासूबाईंसमोर बसले होते आणि सासूबाईंना सगळी हकिकत रंगवून सांगून झाली होती. मला बघताच म्हातारीनं माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली.

“पोरी, आज तू नसतीस तर माझा मुलगा घरी आला नसता.”

“आई, मी होते म्हणूनच आला नसता,” मी म्हटलं. “आकडा माझा होता.”

“भलतंसलतं बोलू नकोस. हात धू, बस जेवायला.”

आम्ही जेवायला बसलो. समोर भाऊजी जेवत होते आणि मी त्यांच्या हातांकडे बघत होते. दोन्ही तळवे लालबुंद झाले होते, एका ठिकाणी कातडी सोलवटली होती.

“हे काय झालं हाताला?”

“अहो, ते दाराचं हॅंडल. फिरतच नव्हतं.”

मी घास खाली ठेवला. “फिरत नव्हतं म्हणजे?”

“म्हणजे घट्ट बसलेलं. एरवी एका हातानं फिरतं, आज दोघांनाही हलेना. जोडीदार म्हणाला, काहीतरी गडबड आहे, गरम तेलाची गाडी बोलवू या. मलाही जरा वाटलं तसं. तेलसुद्धा नेहमीपेक्षा कमीच निथळलं होतं. पण म्हटलं, आकडा वहिनींचा आहे. चार-पाच बादल्या म्हणजे चार-पाच बादल्या. मग एक लांब पाइप आणून हॅंडलला लावला आणि लटकलो त्यावर. थोडंसं सरकलंही. तेवढ्यात काकांनी हाक मारली.”

ते सहज सांगत होते. सासूबाई त्यांना वाढत होत्या. तिथे दाराशी सगळं काही त्यांना सांगत होतं, हॅंडल, निथळलेलं तेल, जोडीदार, त्यांचे स्वतःचे हात. आणि त्या सगळ्यांना त्यांनी माझ्या एका आकड्यासाठी गप्प बसवलं होतं. त्या धापा कसल्या होत्या तेही आता कळलं.

“तुम्ही वेडे आहात का?” मी किंचाळले. “दोन माणसांना हॅंडल हलत नाही आणि तुम्ही पाइप लावून लटकता? डोकं गहाण टाकलंय का माझ्याकडे?”

सासूबाई दचकल्या. भाऊजी मात्र शाळेतल्यासारखी मान खाली घालून बसले. मग मी आवाज खाली आणला. आयुष्यात इतकं सावकाश मी कुणाशी बोलले नसेन.

“भाऊजी, नीट ऐका. मी पाइपच्या आत बघत नाही. कुणीतरी मला डब्यातलं तेल मोजून देतं, त्यावरून मी अंदाज बांधते. आज तो चुकला. पुढचाही चुकू शकतो, आणखी कशानं तरी, जे आज मला सुचतसुद्धा नाहीये. तुमच्या हातांना वेगळं लागलं तर माझा कागद फाडून टाका. माझ्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कळतंय का?”

“कळलं, वहिनी.” ते माझी समजूत घातल्यासारखं हसले. “तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. माणूस आहे, चूक होते. पण चूक झाली तर तुम्ही लगेच फोन केलात की नाही? साहेबांच्या नावानं थाप मारून केलात. पुढच्या वेळी काही चुकलं तर तेव्हाही कराल.”

“आणि चुकलंय हे मला कळलंच नाही तर? माझा फोन आलाच नाही तर?”

“फोन नाही आला तर सगळं बरोबर आहे,” ते म्हणाले. “मग मी दार उघडतो.”

आणि ताटातला शेवटचा घास घेऊन ते हात धुवायला उठले.